फुकट कोण मागतंय?

‘विमानात बसायला मिळतंय, हे काय कमी आहे?’ हा प्रश्न तोंडावर झेललेला नाही असा फिरतीवरचा माणूस पनवेलात शोधून सापडायचा नाही. तळोज्याच्या कारखान्यांना पंप पुरवणारा असो, पाताळगंगेच्या औषध कंपन्यांचं ऑडिट करणारा असो, नाहीतर न्हावाशेव्याला कंटेनर अडकला म्हणून दिल्लीच्या फेऱ्या मारणारा असो. विमान कंपनीनं गोल्ड कार्ड हातात ठेवलं आणि अपग्रेडच्या नावानं तोंडाला पानं पुसली, अशी तक्रार त्यानं करायचा अवकाश, समोरचा हसतो. आधी हसतो, मग उपदेश करतो. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या डब्याच्या वेळी, सगळीकडे हाच सूर. मला त्या हसण्याचा राग येतो. उपदेशाचा त्याहून जास्त.

त्या मंडळींचं म्हणणं मोडूनतोडून सांगणार नाही, पूर्ण वजनानं सांगतो. ते म्हणतात: अपग्रेड ही कंपनीची मेहेरबानी. विमान तिचं, खुर्ची तिची, रिकामी राहिली तर कोणाला द्यायची ते ती ठरवील. तुम्ही इकॉनॉमीचं तिकीट काढलंत, इकॉनॉमीत बसा. तेही तिकीट तुमच्या खिशातलं नाही, ऑफिसचं. पॉइंट्स मात्र तुमच्या खात्यात. वर रुंद खुर्ची हवी, गरम टॉवेल हवा, काचेच्या ग्लासात पाणी हवं. इकडे हार्बरच्या लोकलला माणसं दाराला लोंबकळत जातात, पनवेल डेपोतून महाडपर्यंत एसटीत उभ्यानं जातात, आणि तुमची कंबर दोन तासांत मोडते? अटी वाचल्या नव्हत्यात का? चोचले आहेत हे, भरल्या पोटाचे.

ऐकायला झकास आहे. टाळ्या पडाव्यात असं आहे. आणि जवळपास सगळं चुकीचं आहे.

मेहेरबानीपासूनच सुरू करू, कारण बाकीचा डोलारा तिच्यावर उभा आहे. अपग्रेडचं आमिष प्रवाशांनी मोर्चा काढून पदरात पाडून घेतलेलं नाही. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं आणि मार्गांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. नव्या स्वस्त कंपन्या मैदानात आल्या आणि जुन्यांच्या पोटात गोळा आला. तीच विमानं, तशाच खुर्च्या, त्याच वेळा. गिऱ्हाईक आपल्याकडेच का येईल? १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडव्हान्टेज’ नावाची योजना काढली. आमच्याच विमानानं उडा, मैल साठवा, त्या मैलांवर पुढे काहीतरी मिळेल. बघता बघता सगळ्यांनी ती उचलली. आपल्याकडची फ्लाइंग रिटर्न्स, जेट प्रिव्हिलेज, किंग क्लब, क्लब विस्तारा ही सगळी त्याच घराण्यातली. इंडिगोनंही २०२४ साली ब्लूचिप काढलं. म्हणजे गरज कोणाची होती? कंपन्यांची. आणि ज्या माणसाला बांधून ठेवायचं होतं तो वर्षातून एकदा गोव्याला जाणारा नव्हे, दर आठवड्याला बॅग उचलणारा.

तो बांधला गेला. दुसऱ्या कंपनीचं विमान सोयीच्या वेळी होतं, तरी त्यानं पहाटेचं घेतलं. हैदराबादला सरळ जाता आलं असतं, तो दिल्लीमार्गे गेला. दोन तिकिटांत सात-आठशेचा फरक असताना त्यानं महागातलं काढलं, कारण पुढची पायरी गाठायला थोडंच अंतर उरलं होतं. या प्रत्येक निवडीत त्यानं काहीतरी मोजलं: पैसे, झोप, रविवारची संध्याकाळ. ज्या गोष्टीची किंमत समोरच्याकडून हप्त्याहप्त्यानं वसूल झालेली आहे, तिला मेहेरबानी कसं म्हणायचं? ही उधारी आहे, आणि उधारी मागणाऱ्याला लाचार ठरवायची पद्धत आपल्याकडे जुनीच.

बरं, या आश्वासनाला किंमत नसती तर ते कोणी विकत घेतलं असतं का? बँका घेतात. विमान कंपनीच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढा, पनवेलच्या बाजारात किराणा भरताना ते वापरा, तुमच्या खात्यात पॉइंट्स पडतात. ते काही आभाळातून पडत नाहीत, बँकेनं विमान कंपनीला रोख पैसे देऊन घेतलेले असतात. हा धंदा किती मोठा आहे, ते करोनात उघडं पडलं. २०२० मध्ये विमानं जमिनीवर असताना युनायटेड एअरलाइन्सनं आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवली आणि तिच्यावर पाच अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उभारलं. त्यासाठी योजनेचं मोल मांडलं गेलं सुमारे २२ अब्ज डॉलर. शेअर बाजारात तेव्हा अख्ख्या कंपनीला तेवढा भाव नव्हता! विमानं, वैमानिक या सगळ्यांपेक्षा आमच्यासारख्यांना दिलेला शब्द महाग. मेहेरबानीवर कुठली बँक कर्ज देते?

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं. २०१४ मध्ये जेट एअरवेजनं जेट प्रिव्हिलेजचा ५०.१ टक्के हिस्सा एतिहादला १५ कोटी डॉलरना दिला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला उतरलं आणि कंपनी बसली. हजारो कर्मचारी रस्त्यावर आले, त्यांचे पगार थकले. आणि पॉइंट्सची कंपनी? ती शाबूत. त्याच वर्षी इंटरमाइल्स असं नवं नाव घेऊन ती हॉटेलं आणि खरेदीच्या जोरावर पुढे चालू लागली. विमान कंपनी मेली तरी तिच्या सभासदांची यादी जगते, इतकी ती यादी मोलाची. आता यादीतल्या माणसानं माझं काय म्हणून विचारलं, तर तो भिकारी? त्याआधी २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशर बंद पडली, तेव्हा किंग क्लबवाल्यांच्या हाती प्लास्टिकचा तुकडा तेवढा उरला. त्यांनाही लोक हसलेच होते.

‘ठीक आहे,’ आता ते म्हणतील, ‘पण रिकामी खुर्ची पैसे घेऊन विकली तर बिघडलं कुठे? धंदा आहे.’

विकावी की. कोण नको म्हणतंय? माझी तक्रार एकच खुर्ची दोनदा विकण्याबद्दल आहे. पहिल्यांदा ती वर्षभर कार्डवाल्याला विकली जाते, ‘उपलब्ध असेल तर तुम्हाला आधी’ या वाक्यात. दुसऱ्यांदा ती लिलावात निघते. हा लिलाव ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रवासाच्या काही दिवस आधी मेल येतो. त्यातल्या दुव्यावर गेलं की पडद्यावर एक पट्टी दिसते आणि तिच्या वर गाडीच्या वेगमापकासारखा अर्धगोल काटा. पट्टी डावीकडे असली की काटा लाल रंगात, म्हणजे बोली कमजोर. बोटानं उजवीकडे सरकवत न्या, काटा पिवळ्यातून हिरव्यात जातो, आकडा दोन हजारांवरून सहा, आठ, अकरा असा चढतो. बोली ‘प्रबळ’ झाली म्हणून काटा तुमचं अभिनंदन करतो. खुर्च्या किती शिल्लक आहेत? सांगत नाहीत. बोली किती जणांनी लावली? सांगत नाहीत. दुसऱ्याचा आकडा? छे! बाजार समितीत आडत्या रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचा त्याला आपण नावं ठेवली, आणि हे मात्र तंत्रज्ञान.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो, कंपनीचं नाव राहू द्या. सहारच्या विमानतळावर, सकाळच्या दिल्लीच्या विमानाला, काउंटरवरच्या मुलीनं पडद्याकडे बघून सांगितलं, ‘सर, वेटलिस्टवर तुम्ही पहिले आहात, पुढे दोन सीट्स आहेत, गेटवर कळेल.’ गेटवर माझ्या पुढच्या तरुणाचा पास यंत्रावर ठेवला तसं यंत्र वेगळ्याच सुरात वाजलं, छपाईयंत्रातून नवा पास निघाला, जुना तिथंच टराटरा फाडला गेला. तो मागे वळून मला आनंदानं म्हणाला, ‘काका, रात्री झोपताना सहज बोली लावली होती, लागली की!’ पहिलाच विमानप्रवास होता त्याचा. त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. त्यानं मागितलेले पैसे दिले, खुर्ची घेतली. दुसरी खुर्चीही अशीच कोणाला तरी गेली. मी मुलीला विचारलं, पहिला नंबर होता ना माझा? तिनं नजर पडद्यावरच ठेवली. ‘सर, सिस्टिमनं घेतलं.’

सिस्टिमनं घेतलं! या दोन शब्दांत मला या सगळ्या व्यवहाराची वृत्ती दिसते. शब्द देताना कंपनी असते, सोनेरी अक्षरांत, ‘प्रिय सन्माननीय सभासद’ म्हणत. शब्द मोडताना कोणीच नसतं, फक्त सिस्टिम असते. तिला ना तोंड ना टेबल.

आपल्या आयाबहिणी भिशी चालवतात, त्यात असं करून बघा. वीस जणींची भिशी, महिन्याला ठरलेली रक्कम, क्रमानं नंबर. अकरा महिने पैसे भरून तुमचा नंबर आला की चालवणारी म्हणते, ‘अगं, नियम बदललाय, आजपासून लिलावाची भिशी. आणि हो, ही कालच आलेली नवी बाईसुद्धा बोली लावणार.’ पनवेलच्या कुठल्याही आळीत तिची काय गत होईल? तिथं कोणी म्हणणार नाही की भिशी भरण्याइतके पैसे आहेत हेच काय कमी. तिथं हिशोब मागतात. भिशीला जो न्याय तो विमान कंपनीला नाही, कारण ती सूटबूटवाली आहे आणि मेल इंग्रजीत पाठवते?

ऑफिसच्या पैशांचा मुद्दा मला सर्वांत मजेदार वाटतो, कारण तो बोलणाऱ्यांना तळोजा एमआयडीसी आतून ठाऊक नसते. तिथल्या कित्येक गाळ्यांत मालक, सेल्समन आणि वसुली अधिकारी हा एकच माणूस असतो. ‘कंपनीनं’ तिकीट काढलं म्हणजे त्यानं स्वतःच काढलं, खाली त्याचीच सही. आणि जो नोकरदार आहे त्याचं तिकीट कंपनी काढते, पाठ कोणाची जाते? पहाटेचं विमान, दिवसभर गिऱ्हाईकाच्या प्लांटवर हेल्मेट घालून फिरणं, रात्रीचं परतीचं विमान, दुसऱ्या दिवशी नऊला हजर. हे सगळं कंपनीची पाठ करत नाही.

या बाबतीत सरकारचं मत विचारावं तर तेही आमच्याच बाजूनं निघतं. केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांना बजावून ठेवलं आहे की सरकारी दौऱ्यांत जमलेले माइल्स खासगी सहलीला वापरायचे नाहीत, सरकारी प्रवासालाच वापरायचे. ज्याला मोल नाही, जी नुसती मेहेरबानी, तिच्यासाठी सरकार परिपत्रक काढतं होय? त्याच सरकारात वेतनाच्या १४ व्या स्तरापासून वरच्या अधिकाऱ्यांना बिझनेस क्लासचा हक्क आहे, करदात्याच्या पैशांनी. त्याला कोणी चोचले म्हणत नाही. त्याला पात्रता म्हणतात. गाळेवाल्यानं वर्षभर उडून मिळवलेली खुर्ची मागितली की चोचले.

एवढं मात्र खरं की केवळ स्वतःचे पॉइंट्स वाढावेत म्हणून मालकाच्या पैशांनी मुद्दाम महागडं तिकीट काढणारे आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही. पण चार लबाड आहेत म्हणून सगळ्यांचं देणं बुडवायची मुभा कंपनीला मिळत नाही.

आता लोकल आणि एसटी. हा मुद्दा काढला की समोरच्याची दातखीळ बसते, हे काढणाऱ्याला चांगलं माहीत असतं. मी पनवेलहून सीएसएमटीला हार्बरनं वर्षानुवर्षं गेलेला माणूस आहे. दारात लोंबकळणं मला कोणी शिकवायला नको. पण कोणाचे तरी हाल जास्त आहेत म्हणून कमी हालवाल्यानं फसवणूक निमूट सोसावी, हा कुठला न्याय? मग लोकलवाल्यानं बोटीतल्या माणसाकडे बघून गप्प बसावं, बोटीतल्यानं पायी चालणाऱ्याकडे. शेवटी तक्रार करायला जगात एकच माणूस उरेल, आणि तो इतका थकलेला असेल की त्याच्यानं बोलवणार नाही. सरकारनं बिझनेस क्लासला चैन मानून २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के केला, इकॉनॉमीवर ५ च ठेवला. बरोबर असेल. पण चैनीच्या मालात शब्द फिरवला तर चालतो, असं जीएसटीच्या कुठल्या कलमात आहे?

आणि रेल्वेचं नाव काढलंच आहे तर नीट काढा. २००६ पासून रेल्वेत आपोआप अपग्रेडची सोय आहे. पूर्ण भाडं भरून स्लीपरचं तिकीट काढलेला कोकणात निघालेला माणूस पनवेलच्या फलाटावर उभा असतो. वरच्या वर्गात बर्थ रिकामे राहणार असतील तर चार्ट तयार होताना संगणक त्याला थर्ड एसीत टाकतो. एक पैसा जास्त घेत नाहीत. तिकीट रद्द केलं तर कापाकापीही मूळ वर्गाच्याच हिशेबानं. कार्ड लागत नाही, बोली लागत नाही, तिकीट काढताना एका चौकटीत खूण केली की झालं. रेल्वे हे पुण्य म्हणून करत नाही; खालच्या वर्गातला बर्थ मोकळा झाला की वेटिंगवरच्या आणखी एकाला जागा मिळते, पैसे मिळतात. म्हणजे धंदाच. पण नियम लिहिलेला, आणि तो प्रवाशाला माहीत. वेटिंग १४ असेल तर मोबाईलवर १४ दिसतं, ११ झालं तर ११ दिसतं. ज्या खात्याच्या नावानं आपण ऊठसूट बोटं मोडतो ते रांग दाखवतं. आणि ज्यांच्या केबिनला अत्तराचा वास असतो ते रांग लपवतात. शक्य नाही म्हणावं तर अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या गेटवरच्या पडद्यावर अपग्रेडची यादी लावतात, आडनावाच्या दोन-तीन अक्षरांसकट. कोण कितव्या नंबरावर, किती खुर्च्या उरल्या, सगळं उघड. आपल्याकडे हे का होत नाही? कारण यादी उघड केली की लिलाव करता येत नाही.

अटींकडे येतो. ‘तुम्ही टिक केली होती.’ केली होती. त्या अटींत एक वाक्य हमखास असतं: कंपनी कोणत्याही वेळी, सूचना देऊन अथवा न देता, योजनेत बदल करू शकते. म्हणजे माझ्या बाजूच्या अटी दगडावरच्या रेघा आणि तिच्या बाजूच्या पाण्यावरच्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ अशी व्याख्या मुद्दाम घातली गेली, ती अशा एकतर्फी कागदांसाठीच. ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय फेरफार घडवणाऱ्या अटींचा करार त्यात बसतो. पण गंमत बघा, व्यापारी हेतूनं घेतलेल्या सेवेला त्याच कायद्यानं ग्राहकाच्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी धंदा करणाऱ्याला सवलत आहे, पण ती सिद्ध करत बसायचं त्यानं. योजना धंद्याच्या प्रवाशासाठी, जाहिरात धंद्याच्या प्रवाशासाठी, आणि दाद मागायला गेला की पहिला प्रश्न: तुम्ही धंद्यासाठी गेला होतात का?

नियामकाची कथाही ऐकण्यासारखी. प्रवाशानं वरच्या वर्गाचे पैसे भरले आणि कंपनीनं त्याला खालच्या वर्गात बसवलं, तर काय? डीजीसीएनं २०२२ च्या डिसेंबरात मसुदा आणला: तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि खालच्या वर्गाचा प्रवास मोफत. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू झाला तेव्हा देशांतर्गत प्रवासाला ते ७५ टक्क्यांवर आलं होतं. परदेशी प्रवासाला अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५. दोन महिन्यांत पूर्णाचे पाऊण झाले. तरीही, खाली उतरवण्याला निदान नियम आहे. वर चढवण्याचा शब्द मोडला तर ओळभरसुद्धा नाही. तिकडे पूर्ण मोकळं रान.

या मोकळ्या रानात बदल कसे होतात? पूर्वी जितके मैल उडाल तितके पॉइंट्स. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडनं, पुढच्या वर्षी अमेरिकननं हिशेब पैशांवर नेला: जितका खर्च, तितके पॉइंट्स. आपल्याकडे एअर इंडियानं २०२४ मध्ये तेच केलं. पाठोपाठ १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा विलीन झाली, क्लब विस्ताराचे सभासद फ्लाइंग रिटर्न्समध्ये गेले, आणि त्याचं पुढे महाराजा क्लब झालं. एका क्लबात झोपलेला माणूस दुसऱ्यात जागा झाला. खर्चावर पॉइंट्स हे तत्त्व म्हणून मी समजू शकतो. पण तळोज्याचा काटकसरी माणूस महिनाभर आधी स्वस्तातलं तिकीट काढतो आणि वर्षभर उडतो; कोणीतरी ऐन वेळी तिप्पट पैसे मोजून चारदा उडतो. दुसरा निष्ठावंत ठरतो, पहिला गर्दी. बरं, तेही पुढच्या पॉइंट्सना लावा. आधी कमावलेल्यांना कशाला? काल जितक्या पॉइंट्सना अपग्रेड मिळत होतं त्याला आज जास्त लागणार असतील, तर माझ्या खात्यातून कोणीतरी रात्रीतून काढून घेतलं, याला दुसरं काय म्हणायचं?

पनवेलकरांसाठी हल्ली एक खास टोमणा तयार झालाय: ‘आता तर विमानतळ दारात आला, अजून काय हवं?’ नवी मुंबईचा विमानतळ उलव्याला आला खरा. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली, पहिल्यांदा दिवसाचे बाराच तास. ज्यांची गावठाणं त्या धावपट्टीखाली गेली आणि ज्यांनी विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून रस्ते अडवले त्यांचं दुःख या लेखाच्या आवाक्यातलं नाही. ते आमच्या तोंडावर फेकून आम्हाला गप्प करण्याइतकं स्वस्तही नाही. मी आजच्या प्रवाशापुरतं बोलतो. इथं सुरुवात केली ती इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा आणि स्टार एअर यांनी. अकासाच्या विमानात बिझनेस क्लास हा प्रकारच नाही. मग ज्याचं गोल्ड कार्ड एखाद्या जुन्या बड्या कंपनीचं, त्यानं करायचं काय? तो पहाटे तीनला टॅक्सी बोलावतो, दारातला विमानतळ डाव्या हाताला सोडतो, खारघर, बेलापूर, वाशीचा खाडीपूल, चेंबूर करत सहारला पोचतो. कशासाठी? पायरी घसरू नये म्हणून. पायरी कशासाठी? पुढच्या खुर्चीच्या आशेसाठी. आणि तिथं गेटवर ती खुर्ची आदल्या रात्रीच्या बोलीत गेलेली असते.

याला तुम्ही चोचले म्हणता. तीन वाजता अंधारात टॅक्सीत बसलेला तो पन्नाशीचा माणूस मला तरी चोचलेबाज दिसत नाही. त्याच्या सवयीवर कोणीतरी मजबूत कमाई करतंय, आणि तुम्ही हसताय त्याच्याकडे बघून. कंपनीला वकील नेमायची गरजच नाही, तुम्ही फुकट उभे आहात.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि ते मी सौम्य करणार नाही. अपग्रेड नको. खरंच नको. आधी तुमच्या जाहिरातींतून तो शब्द काढा. कार्डावरचा सोनेरी रंग खरवडा, ‘प्राधान्य’ हा शब्द पुसा, बँकांना पॉइंट्स विकणं बंद करा, त्या पॉइंट्सवर कर्ज काढणं बंद करा. ते जमत नसेल तर रांग उघड दाखवा, लिलावाआधी कार्डवाल्यांची यादी संपवा, आणि कमावलेल्या पॉइंट्सना ते कमावले त्या दिवशीचाच दर लावा. यातलं एकही काम अवघड नाही. रेल्वे यातली निम्मी कामं रोज करते. तुम्ही पहिला रस्ता घेणार नाही हेही मला ठाऊक आहे. तो घेतलात तर दुसऱ्या दिवसापासून तळोज्याचा पंपवाला आणि पाताळगंगेचा ऑडिटवाला तिकिटाचा भाव आणि घरापासूनचं अंतर एवढंच बघतील, उलव्याहून जे विमान सुटेल त्यात चढतील, आणि सहारच्या गेटवर तुमच्या लिलावाला बोली लावायला तुम्हाला नवे लोक शोधावे लागतील.